दोनशे तीस व्होल्ट धरा

आमचे दाजी कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, मीटरच्या पेटीकडे बघतात. माझ्या लग्नात सगळे एकमेकांना नमस्कार करत होते तेव्हा हे हॉलच्या मागे जाऊन फ्यूज पाहून आले, आणि माझ्या सासऱ्यांशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलले ते असं: "तुमचं न्यूट्रल सैल आहे." सासरे बिचारे कापडाच्या दुकानातले. त्यांना वाटलं, हा घराण्यावर काहीतरी शेरा आहे. पुढं दोन वर्षं ते मला एकांतात विचारायचे, "त्यांचा रोख नेमका कोणावर होता हो?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. ज्या पाच मजली ऑफिसात मी आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे, तिथेच ते वायरमन होते. अंगानं किडकिडीत, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. हजेरीच्या वहीत सही करायला त्यांनी दोनदा तरी टेस्टर काढलेला मी पाहिला आहे. जिन्याखालची मेन स्विचची खोली हे त्यांचं राज्य. तिथं जमिनीवर काळी रबरी चटई, भिंतीवर मोठे लोखंडी खटके, आणि दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी: "आत येऊ नये. आलात तर कशालाही हात लावू नये. लावलात तर मला विचारायला येऊ नये."

माणूस कामात वाघ. तिसऱ्या मजल्यावरचा पंखा कुरकुरतोय की नुसता उसासे टाकतोय, हे ते तळमजल्यावरून सांगत. मात्र त्यांच्याकडे परवाना नव्हता. सहायक म्हणून लागले ते सव्वीस वर्षं सहायकच राहिले, कारण परवान्यासाठी परीक्षा होती, आणि परीक्षेत एक शब्द होता, तो दाजींना चालत नव्हता.

तो शब्द म्हणजे "धरा".

पहिल्या वेळी प्रश्न आला होता: "विद्युतदाब २३० व्होल्ट धरा. प्रवाह ५ अँपिअर असल्यास उपकरणाचा रोध व शक्ती काढा." दाजींनी उत्तर लिहिलं, "२३० व्होल्ट धरू नये. आधी मेन स्विच बंद करावा. तरीही कोणी धरलेच, तर त्यास कोरड्या लाकडी काठीने बाजूला करावे, हाताने करू नये." परीक्षकांनी लाल शाईनं शेरा मारला: "प्रश्न नीट वाचा." दाजी म्हणाले, "मी नीट वाचला. लिहिणाऱ्यानं नीट लिहिला नाही."

दुसऱ्या वेळेपर्यंत त्यांना कोणीतरी समजावलं होतं, की इथं धरा म्हणजे हातात धरा नव्हे, मनात धरा. तेही त्यांना पटलं नाही. त्यांनी लिहिलं, "आमच्याकडे दुपारी दोनशे पाच असतो. सबब २३० धरण्याचे कारण दिसत नाही." पुन्हा नापास. तिसऱ्या वेळी त्यांनी मन मारून २३० धरले, पण जीव नसल्यासारखे धरले, आणि गुणाकाराच्या जागी भागाकार करून बसले. रोध साडेअकराशे ओहम, शक्ती शेहेचाळीस वॅट. ताई म्हणाली, "शेहेचाळीस वॅटमध्ये पापणीसुद्धा लवत नाही."

यात हट्ट होता, पण नुसता हट्ट नव्हता. दाजी ज्या म्हाताऱ्या वायरमनच्या हाताखाली काम शिकले, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लाईन बंद आहे असं कधी धरून चालू नकोस. धरून चालणारे पुढं फार चालत नाहीत." दाजींनी ते मनावर घेतलं. बंद खटक्याला ते टेस्टर लावत. टेस्टरचा दिवा पेटला नाही तर टेस्टर चालू आहे ना, हे बघायला तो दुसऱ्या चालू खटक्याला लावत. मग पुन्हा पहिल्याला. त्यांच्या हातून सव्वीस वर्षांत एकालाही झटका बसला नाही. फक्त बल्ब बदलायला पाऊण तास लागायचा.

बारा वर्षांपूर्वी एके दिवशी वरिष्ठ कार्यालयाचं परिपत्रक आलं. आमच्या ऑफिसात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. मी शिक्का मारला, क्रमांक टाकला, नोंद केली आणि मग वाचलं. नव्या वर्षापासून परवाना नसलेल्या कोणालाही मेन स्विचच्या खोलीत काम करता येणार नव्हतं. अशा कर्मचाऱ्यांना त्याच कार्यालयातल्या आवक-जावक विभागात सामावून घ्यावं, असं खाली लिहिलं होतं.

मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. मग कागद घेऊन जिन्याखाली गेलो.

दाजींनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. "आवक-जावक म्हणजे... तू?"

"मी."

"म्हणजे मी तुझ्या हाताखाली?"

"कागद तसं म्हणतोय, दाजी."

"मी पाकिटं चिकटवणार आणि तू मला सांगणार, की तिकीट तिरकं लागलंय?"

"तिरकं लावलंत तर सांगावं लागेल ना."

ते रबरी चटईवर खालीच बसले. "शिक्केबहाद्दर," ते हळूच म्हणाले, "यापेक्षा मला वरून खाली ढकल."

संध्याकाळी ताईनं मला घरी बोलावलं. ती शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे तिचं रागावणं नेहमी दातांतूनच येई. "हे बघ बाळ," ती म्हणाली. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होतो. "ऑफिसात दिवसभर तू ह्यांना नियम सांगणार. संध्याकाळी हे घरी येऊन मला सांगणार, 'तुझा भाऊ असा आणि तुझा भाऊ तसा.' रविवारी तू इथं येऊन सांगणार, 'तुझा नवरा असा.' मी कुठं जाऊ? मला कोण सामावून घेणार?"

"परीक्षा आहे ना अजून एक," मी म्हणालो.

"शेवटची," दाजी म्हणाले. "पन्नाशीनंतर बसता येत नाही. आणि तो शब्द असणारच त्यात."

"मग बाळ शिकवेल तुम्हाला."

मी वाणिज्य शाखेचा. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. पण पुस्तक आणून पाहिलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. एक गुणाकार, एक भागाकार. दाबाला प्रवाहानं भागा, रोध मिळतो. दाबाला प्रवाहानं गुणा, शक्ती मिळते. मी रविवारी सकाळी पट्टीनं रेघा आखलेली वही घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात हजर झालो.

"समजा, दाजी, इस्त्रीला दोनशे तीस..."

"का समजू? इस्त्री ही काय आहे. मीटर लाव."

"बरं, मग धरा..."

"नाही धरणार."

पहिला तास असा गेला. दुसऱ्या तासाला मी त्रिकोण काढला, वर दाब, खाली प्रवाह आणि रोध. दाजींनी त्या त्रिकोणाकडे, पाहुण्यांकडे बघतात तसं, म्हणजे न बघितल्यासारखं बघितलं. ताई शेवटी मशीन थांबवून उठली आणि तिनं तोंडातल्या टाचण्या काढून गादीत खोचल्या. आम्ही दोघंही सावरून बसलो.

"अहो, मी सकाळपासून काय सांगतेय? वरच्या फळीवरचा डबा काढून द्या. सांगतेय की नाही?"

"सांगतेस."

"हा दाब. किती हललात?"

"हललो की. पाच पावलं हललो. मग हा आला."

"हा प्रवाह. आणि तुमच्या-माझ्या मध्ये जे आडवं येतं, पेपर, गुडघा, आमचा बाळ, तो रोध. आता दोनशे तीस वेळा सांगितल्यावर माणूस पाच पावलं हलतो. एका पावलाला किती वेळा सांगावं लागलं?"

दाजींनी वर बघत ओठ हलवले. "शेहेचाळीस."

"हा तुमचा रोध. आता शक्ती. मी नुसतं सांगत राहिले आणि तुम्ही हललातच नाही, तर काम किती?"

"शून्य."

"आणि तुम्ही नुसते येरझाऱ्या घातल्यात, पण मी काही सांगितलंच नाही?"

"तरी शून्य. मला काय माहीत, काय काढायचंय ते."

"म्हणून दोन्ही लागतं. म्हणून गुणाकार. दोनशे तीस पंचे?"

"साडेअकराशे!" दाजी ओरडले. मग माझ्याकडे वळून जरा रागानंच म्हणाले, "हे असं सांगायला काय झालं होतं तुला? त्रिकोण कसले काढतोस?"

त्या दिवसापासून दाजींना आकडे पाण्यासारखे यायला लागले. भाजीची पिशवी आणायला आठ वेळा सांगितलं, ते दोन पावलं हलले, रोध चार. माझ्या बायकोचा, शेजाऱ्यांचा, साहेबांचा, सगळ्यांचा रोध त्यांनी काढला. साहेबांचा उत्तरात मावेना, कारण प्रवाहच शून्य होता. राहिला तो शब्द. त्यावर ताई म्हणाली, "लग्नात हात धरा म्हणाले तेव्हा मुकाट्यानं धरलात की. तेव्हा लावला होता का टेस्टर?"

"तेव्हा मला काय माहीत," दाजी म्हणाले, "किती व्होल्ट आहेत ते."

तीन दिवस ताई बोलली नाही. पण लेखी परीक्षेत दाजींनी २३० धरले आणि पास झाले.

राहिली तोंडी परीक्षा. सोबत मी रजा टाकून गेलो, कारण यांना एकटं सोडलं तर हे परीक्षेच्या खोलीत न जाता इमारतीची वायरिंग बघत बसतील. मी दाराबाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी पुढचा उमेदवार, लिफ्ट दुरुस्त करणारा एक धिप्पाड गृहस्थ, डोळे मिटून सूत्रं पुटपुटत होता. दार उघडंच होतं. आत टेबलामागे गोल चेहऱ्याचे परीक्षक, आणि कोपऱ्यात विजेच्या किटलीपाशी चहा करणाऱ्या मावशी.

"मावशी, आज तरी चहा मिळणार का?" परीक्षक म्हणत होते. "दुसरीकडं दहा मिनिटांत होतो. तुमच्याकडं उमेदवार पास होऊन जातो तरी पाणी कोमटच."

"मी काय फुंकर मारू का साहेब?" मावशी म्हणाल्या. "किटली तापेल तेव्हा तापेल."

परीक्षक दाजींकडं वळले. "हं. विद्युतदाब २३० व्होल्ट धरा..."

दाजी ताठ झाले. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरून मला कळलं, की सव्वीस वर्षं पुन्हा उसळी मारून वर येताहेत. माझ्या डोळ्यांपुढं माझ्या शेजारचं टेबल आलं, त्यावर तिरकी तिकिटं लावणारे दाजी आले, रविवारची ताई आली. मी कुजबुजलो, "धरा! दाजी, धरा! धरा!" माझी कुजबूज जरा खणखणीत झाली असावी.

लिफ्टवाल्यानं डोळे उघडले, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आत, आणि दोन ढांगांत आत जाऊन त्यानं दाजींना मागून कमरेला घट्ट धरलं.

"अहो! हे काय?" परीक्षक उभे राहिले.

"चक्कर येत होती ना यांना," लिफ्टवाला म्हणाला. "बाहेर ते ओरडले, धरा धरा."

मला आत बोलावण्यात आलं. "तुम्ही कोण? उमेदवार?"

"नाही साहेब. मेहुणा."

"वीज विषय आहे का तुमचा?"

"नाही साहेब. वाणिज्य."

"मग बाहेर बसा. आणि तोंड बंद."

दाजी मात्र त्या गोंधळात सैल झाले. लिफ्टवाल्याचे हात कमरेवरून सुटायच्या आतच ते म्हणाले, "धरले साहेब. प्रवाह पाच असेल तर रोध शेहेचाळीस ओहम, शक्ती साडेअकराशे वॅट."

"बरोबर," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं. मी बाहेर सुटकेचा श्वास घेतला. तो पूर्ण बाहेर पडायच्या आत दाजींचा आवाज आला.

"पण हे खरं नाही, साहेब."

पेन हवेतच थांबलं. मी कपाळाला हात लावला.

"काय खरं नाही?"

"मावशींची किटली. तिच्या बुडाशी लिहिलंय, दोनशे तीस व्होल्ट, साडेअकराशे वॅट. म्हणजे तुमच्या प्रश्नातलीच किटली. मग चहा का होत नाही? प्रश्नात पाणी उकळतं, साहेब. इथं उकळत नाही. माझा मीटर लावू का?"

परीक्षक नाही म्हणणार होते. पण मावशींनी किटली पुसून पुढं केलीसुद्धा. "लावा हो लावा. रोज मला बोलणी बसतात."

दाजींनी मीटर लावला. दाब एकशे चौऱ्याऐंशी व्होल्ट. मग वायरमधल्या एका तारेभोवती मीटरचा चिमटा धरून प्रवाह बघितला. चार अँपिअर.

"आता भागा साहेब. एकशे चौऱ्याऐंशी भागिले चार?"

परीक्षकांनी नकळत उमेदवाराच्याच कागदावर भागाकार केला. "शेहेचाळीस."

"रोध तोच. म्हणजे किटलीत दोष नाही. आता गुणा."

"सातशे छत्तीस," परीक्षक म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा लांबला.

"साडेअकराशेच्या जागी सातशे छत्तीस. म्हणजे दहा मिनिटांचा चहा पंधरा-सोळा मिनिटांना. मावशींचा काय दोष? सांगणाराच हळू सांगत असेल, तर हलणारा पण कमी हलणार. आणि मग काम दोन्हीकडून कमी." परीक्षकांना यातलं शेवटचं किती कळलं कोण जाणे. ती ताईची पद्धत होती.

"पण दाब इतका कमी का?" परीक्षकांनी विचारलं. आता तेच उमेदवारासारखे पुढं वाकून बसले होते.

दाजी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली गेले. तिथं पलीकडच्या खोलीतून आलेली एक लांबलचक बारीक वायर होती. ती टेबलाच्या पायाला वेटोळी घालून गुंडाळलेली, आणि तिच्यावर किटली, कूलर आणि झेरॉक्सचं यंत्र असा सगळा संसार. "साहेब, तुम्ही पाय हिच्यावर ठेवता का?"

"ठेवतो. का?"

"गरम लागत नाहीत?"

परीक्षक किंचित लाजले. "उबदार लागतात. मला बरं वाटतं."

"तिथंच जातोय तुमचा चहा," दाजी टेबलाखालून म्हणाले. "निम्मा दाब वाटेतच पाय शेकतोय. अजून महिनाभर शेकलात तर टेबलही शेकेल." निम्मा म्हणणं बरोबर नव्हतं, पाचवा हिस्सा जात होता. पण टेबलाखाली माणसाला एवढं सुचत नाही.

त्यांनी किटली भिंतीतल्या सॉकेटला लावली, आधी त्याला टेस्टर लावून, मग टेस्टरला टेस्टर लावून. मावशींनी चहा केला. परीक्षकांनी तो प्यायला, कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि एवढंच म्हणाले, "निकाल पोस्टानं येईल. पुढचा! आणि कोणी कोणाला धरायचं नाही."

येताना मी दाजींशी बोललो नाही. पेन उचललेल्या माणसाला थांबवणं म्हणजे काय, हे सही-शिक्क्यांत जन्म गेलेल्या माणसालाच कळतं. दाजी म्हणाले, "अरे, माझ्यासमोर वायर जळत होती. मी काय ती बंद आहे असं धरू?" हे खरं होतं, म्हणून मी आणखीच रागावलो.

पत्र आलं ते वर्ष संपायला तीन दिवस उरले असताना. माझ्या विभागात एक खुर्ची वाढलेली होती. टपालाच्या थैलीतून पाकीट निघालं, त्यावर दाजींचं नाव. मला कळायच्या आत जिन्याखाली बातमी गेली, आणि दाजी धावत माझ्या काउंटरपाशी आले. सबंध नोकरीत मी त्यांना पळताना तेवढं एकदाच पाहिलं.

"दे."

"थांबा दाजी. आधी शिक्का."

"माझं नाव आहे त्यावर!"

"म्हणूनच व्यक्तिगत टपालाच्या वहीत नोंद होते. ती वही वेगळी." मी वही काढली. शिक्क्याची गादी सुकली होती, तिला शाई पाजली. तारीख फिरवली. क्रमांक टाकला. "कोणाकडून?"

"मला विचारतोस? आत बघ ना!"

"आत बघायचा अधिकार मला नाही. बाहेरच्या मोहरेवरून वाचावं लागेल, आणि मोहोर पुसट आहे." मी भिंग काढलं.

दाजी काउंटरवर दोन्ही हात टेकवून माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या मागं हळूहळू अर्धं ऑफिस जमलं. "याचसाठी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याचसाठी मला या खोलीत यायचं नव्हतं."

शेवटी मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते टेस्टरनं फाडलं. वाचता वाचता त्यांचा कपाळावरचा चष्मा आपोआप नाकावर आला. ते उत्तीर्ण झाले होते. खाली परीक्षकांनी हातानं एक ओळ लिहिली होती: "उमेदवाराने परीक्षा केंद्राच्या वायरिंगबाबत न विचारता मत दिले. मत बरोबर होते. वायर बदलली आहे. पाय आता गार पडतात."

दाजींनी माझ्याच टेबलावरून ताईला फोन लावला. माझ्या टेबलावरचा फोन खाजगी कामाला वापरू देत नाही, पण त्या दिवशी मी दुसरीकडं बघितलं. ताईचा आवाज रिसीव्हरमधून सगळ्यांना ऐकू येत होता. पहिल्यांदा ती टाचण्या सांभाळत हसली, मग तिनं विचारलं, "बाळनं लगेच दिलं का हो पत्र?"

"सतरा मिनिटं लावली."

"रोध आहेच त्याचा. आमच्या माहेरचा आहे तो," ताई म्हणाली. "आता त्याला घेऊनच या घरी."

दाजींनी फोन ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि खिशातून, या खेपेला खरंच, पेन काढलं. "पोचलं म्हणून सही कुठं करू, शिक्केबहाद्दर?"

मी रकाना दाखवला.